काका 'तू' म्हणणार नाहीत

लिफ्टचं दार बंद होता होता एक ओली छत्री आत घुसली, आणि तिच्या मागोमाग एक माणूस.

तिनं पटकन अंग चोरलं. नव्या नोकरीचा पहिला दिवस, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, खांद्यावर पर्स, आणि गळ्यात... अरे देवा! गळ्यात छकुलीची बदकाची बाटली. पाळणाघरात लेकीला सोडताना घाईघाईत ती आपल्याच गळ्यात राहिली होती. आता पोरगी दिवसभर पाणी कशानं पिणार? दुसऱ्या पेल्यानं ती पीत नाही. फोन करावा का? पहिल्याच दिवशी, ऑफिसात पाऊल टाकायच्या आधीच?

"कितवा मजला, ताई?" त्यानं विचारलं.

"चौथा."

त्यानं बटण दाबलं. लिफ्टनं एक गचका दिला, कुरकुरली आणि निघाली.

"घाबरू नका," तो अगदी शांतपणे म्हणाला. "कालच दुरुस्त केलीय. मीच केली."

"तुम्ही... लिफ्टचे मिस्त्री का?"

"छे! मला त्यातलं काही कळत नाही. पण कुणीतरी करायलाच हवी होती ना."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हसण्याचा मागमूस नाही. डोळे तेवढे तिच्यावर खिळलेले... पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब, आणि नजर अशी, की जणू तिच्या उत्तरावर त्याचं जेवण अवलंबून आहे.

तिनं झटकन दोन नंबरचं बटण दाबलं, दार अर्धं उघडताच बाहेर उडी टाकली आणि उरलेले मजले जिन्यानं चढली. गळ्यातलं बदक पायरीपायरीला पोटावर आपटत होतं.

वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. लेखकांच्या खोलीत लांबट टेबल, भिंतीवर पांढरा फळा, त्यावर कुणीतरी काढलेला मिशीवाला माणूस... आणि टेबलाच्या टोकाला तोच! चहाचा कप हातात धरून आरामात बसलेला.

"जिन्यानं आल्या," तो सगळ्यांना म्हणाला. "बाई, वाक्य पास."

खोली हसली. टेबलाच्या मधोमध बसलेल्या चष्मेवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या होत्या इथल्या टीव्ही मालिकेच्या मुख्य लेखिका. एका मासिकात आलेली तिची कथा वाचून त्यांनीच तिला बोलावून घेतलं होतं. बाळ उठू नये म्हणून नवऱ्याशी कुजबुजत भांडणाऱ्या आणि शेवटी बाजारातही कुजबुजतच भाव करणाऱ्या बाईची ती कथा.

"मनावर घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे एकच नियम आहे. विनोद 'विनोद सांगतो हं' म्हणून सांगायचा नाही. मग माणूस हसायची तयारी करून बसतो आणि कशालाही हसतो. आधी समोरच्याला ते खरं वाटलं पाहिजे. कुठेही, कधीही, न सांगता. याला आम्ही 'म्हणून बघणं' म्हणतो."

"आणि एखाद्याला खरंच काही सांगायचं असेल तर?" तिनं विचारलं.

"अजून तशी वेळ आली नाही बाई," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्याचं नाव 'मिस्त्री' पडलं. नाव तिनं ठेवलं आणि सगळ्या खोलीनं उचललं.

नोकरी तशी मजेची होती. पण तिच्यासारखीसाठी... काय सांगावं! सकाळी आत शिरावं तर कुणी डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, "मी ही नोकरी सोडतोय." ती समजूत घालायला पुढे व्हायची. मग तोच माणूस फळ्याकडे वळायचा, "मंगळवारच्या भागात आपले काका असं म्हणतात." कुणाची बायको पळून जायची, कुणाचं घर जळायचं, कुणाला लॉटरी लागायची. अर्ध्या मिनिटात सगळे आपापल्या जागी सुखरूप.

आणि हिला तर आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती: गंमत.

छकुलीच्या बाबांना गंमत करायची भारी हौस. "संध्याकाळी तयार राहा, बाहेर जेवायला जाऊ," असं म्हणायचे. ती केस विंचरून, पोरीला फ्रॉक घालून बसायची. रात्री दार उघडून ते हसायचे, "अगं, गंमत केली!" पुढे एक दिवस म्हणाले, "मी हे घर सोडून चाललोय." तेव्हाही ती त्याच वाक्याची वाट पाहत राहिली. कपाट रिकामं झालं, बॅग दाराबाहेर गेली, तरी तिला वाटत होतं, आता वळतील आणि म्हणतील... त्या खेपेला मात्र ती गंमत नव्हती.

तेव्हापासून कुणीही काही गोड बोललं की ती आधी समोरच्याचा चेहरा वाचायची. मिस्त्रीचा चेहरा तेवढा तिला काही केल्या वाचता येत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला 'ताई' म्हणणं सोडलं.

"आज 'ताई' नाही?" तिनं सहज विचारलं.

"काल चुकून म्हणालो."

"कुणालाही ताई म्हणायला काय हरकत आहे?"

"कुणालाही नाही..." तो पेन्सिलीला टोक काढत म्हणाला. "तुम्हाला आहे."

तिनं मान खाली घातली. कान गरम झाले. आणि मग, हळूच, ती नेहमीची शंका: हे म्हणून बघणं तर नव्हतं?

सगळी खोली अरे-तुरेवर आली, पण ही दोघं अहो-जाहोतच अडकून राहिली. "काय हो, यांचा संसार किती जुना!" असं इतर लेखक चिडवायचे. तो शांतपणे म्हणायचा, "अहो, ऐकलंत का?" आणि ती म्हणायची, "ऐकलं हो. तुम्ही चहा घ्या." सगळे हसायचे. तीही हसायची. पण घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा तेच आठवायची... "अहो, ऐकलंत का?"

मालिका तशी साधीच होती. एका इमारतीत राहणारे एक काका आणि समोरच्या दारातली त्यांची शेजारीण. काकांचं तिच्यावर प्रेम. रोज काही ना काही निमित्त काढून ते तिच्या दाराशी जातात, घंटीकडे बोट नेतात, आणि तेवढ्यात काहीतरी होतं. मांजर येतं, वीज जाते, बोळातून कुणीतरी हाक मारतं. बघणारे वर्षभर त्यालाच हसत होते. आता चॅनेलचं म्हणणं पडलं की पुरे झालं, काकांनी एकदाचं मनातलं बोलावं.

"तो भाग तुम्ही दोघं लिहा," बाईंनी सांगितलं.

आणि नेमका तेव्हाच छकुलीला ताप आला.

"घरून काम करते," तिनं फोनवर सांगितलं. बाई म्हणाल्या, मिस्त्रीलाच तिकडे पाठवते.

बेल वाजली तेव्हा तिच्या एका हातात थर्मामीटर होता, दुसऱ्यात ओला रुमाल. दार कोपरानंच उघडलं. केस विस्कटलेले, गाऊनवर औषधाचा गुलाबी डाग. तो समोर उभा. तो नुसताच बघत राहिला. तिच्याकडे, रुमालाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"येऊ का?" शेवटी तो पुटपुटला.

"बूट तिथेच काढा. आणि हळू बोला, तिला आत्ताच..."

"मी जागीच आहे!" आतून बारीक आवाज आला.

छकुली थर्मामीटर तोंडात धरायला तयार नव्हती. तो पलंगाशेजारी खाली बसला आणि नाकात बोलू लागला, "बाईसाहेब, मी थर्मामीटर बोलतोय. मला फार थंडी वाजतेय. जरा तुमच्या गरम गरम तोंडात बसू का?" छकुलीनं आ केला. आईनं सकाळपासून तिच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या!

त्या दिवशी काम फारसं झालं नाही. निघताना छकुलीनं त्याची बाही धरली. "उद्या येणार?"

ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. आता हा "हो" म्हणणार. सगळे म्हणतात. लहान मुलाला "हो" म्हणायला काय लागतं?

"उद्या नाही गं," तो म्हणाला. "उद्या मला काम आहे. परवा येईन."

छकुलीचं तोंड एवढंसं झालं. पण तिच्या आईला मात्र... का कोण जाणे, हायसं वाटलं. त्यानं पोरीला नाराज केलं होतं, खोटं बोलला नव्हता.

त्या 'परवा'ला धो-धो पाऊस होता. छकुली खिडकीला नाक लावून बसली होती. आई मागून सारखी म्हणत होती, "अगं, एवढ्या पावसात कोण येतंय? मोठ्या माणसांना कामं असतात..." हे ती नेमकं कुणाला समजावत होती?

तो आला. गुडघ्यापर्यंत भिजून. दार तिनंच उघडलं.

पुढच्या आठवड्यात ती ऑफिसला जाऊ लागली. एका दुपारी खोलीत दोघंच होती. काचेवर पावसाची रेघ दुसऱ्या रेघेत मिसळत खाली ओघळत होती.

"मला एका चित्रपटाचं लेखन मिळतंय," तो अचानक म्हणाला. "दुसऱ्या शहरात. सहा महिने तरी तिकडेच राहावं लागेल."

तिचा हात कीबोर्डवरच थांबला. "हे खरं? की म्हणून बघताय?"

"खरं. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग... अभिनंदन की!" तिचा आवाज तिलाच परका वाटला. मालिका लिहिणाऱ्याला चित्रपट मिळणं म्हणजे केवढी उडी, हे तिला कळत होतं. "जा ना. विचार कसला करताय?"

तो उठून खिडकीशी गेला. तिनं आपली नजर घाईघाईनं समोरच्या पानावर वळवली. तिथं काका दाराशी उभे होते आणि त्यांना शब्द सापडत नव्हते.

"तू दार उघडलंस ना..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. मग वळला. "तू दार उघडलंस, की दिवसभराचं सगळं बाहेरच राहतं. मला मग दुसरीकडे कुठे जावंसंच वाटत नाही."

पावसाचा आवाज एकदम लांब गेला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तोच चेहरा. लिफ्टमधला. हसण्याचा मागमूस नाही, डोळे खिळलेले. छातीत काहीतरी उडालं... आणि लगेच तिनं ते घट्ट पकडून खाली बसवलं. हो म्हणावं आणि हा फळ्याकडे वळला तर? "वाक्य पास," असं म्हणाला तर? एकदा केस विंचरून बसली होती तेवढं पुरे नव्हतं का? आणि आता तर ती एकटी नव्हती. खिडकीला नाक लावणारी अजून एक होती.

तिनं पेन्सिल उचलली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण काका 'तू' म्हणणार नाहीत. ते तिला अहो-जाहो करतात. 'तुम्ही' करा. आणि शेवटचं वाक्य काढा, लांबतंय."

तो खिडकीपासून परत टेबलाशी आला.

"बरोबर आहे," मग तो म्हणाला. "लांबतंयच."

तो खाली बसला आणि तिनं सांगितलं तसंच टाइप केलं. संध्याकाळी त्यानं चित्रपटवाल्यांना होकार कळवला.

मग दिवस नुसते विचित्र गेले. तो अगदी नीट वागत होता. इतका नीट, की तिला ते सहन होईना. "नमस्कार", "हो", "पाठवतो". घरी छकुली विचारायची, "मिस्त्रीकाकांचा परवा कधी?" ती म्हणायची, "बघू." मनात म्हणायची, मी काय चूक केली? चूक केली का? त्यानं काकांचं वाक्य म्हणून बघितलं, मी दुरुस्त केलं. यात माझं काय चुकलं?

चित्रीकरणाच्या दिवशी सगळे सेटवर जमले. काकांचं दार, शेजारणीचं दार, मधला बोळ. सगळं लाकडाचं, पण घंटी खरी. मिस्त्री एका कोपऱ्यात उभा होता, पायाशी बॅग. शॉट बघून तो थेट गाडी पकडणार होता.

बाई खुर्चीत बसून स्क्रिप्टवरून शेवटचा हात फिरवत होत्या. मध्येच त्यांनी तिला हाक मारली.

"हे काय गं? 'तुम्ही दार उघडलंत, की दिवसभराचं सगळं बाहेरच राहतं'?"

"काकांचं वाक्य आहे, बाई."

"ते दिसतंय. पण शेजारणीनं काकांसाठी दार कधी उघडलंय? मालिका सुरू झाल्यापासून हा माणूस पायपुसण्यापर्यंतच पोचलाय! अख्खा विनोद त्यावर उभा आहे. आणि तुम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही?" बाईंनी वाक्यावर काट मारली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग हे दार आहे तरी कुणाचं?"

तिनं काट मारलेलं वाक्य पुन्हा वाचलं.

कोपरानं उघडलेलं दार. गाऊनवरचा गुलाबी डाग. गुडघ्यापर्यंत भिजलेला माणूस. काका 'तू' म्हणत नाहीत. पण त्या दुपारी 'तू' आलं, कारण... कारण ते काका नव्हतेच!

ती वायरी ओलांडत कोपऱ्यात गेली.

"ते वाक्य कुणाचं होतं?" तिनं विचारलं.

त्यानं मान वर केली. जरा विचार केला. "छान आहे," तो मंदसं हसला. "शेजारणीला द्या. तिच्या तोंडी शोभेल."

"मी म्हणून बघत नाहीये!"

"हेही छान आहे. राग एकदम खरा वाटतो."

"अहो, ऐका तरी! मी खरंच विचारतेय. म्हणजे... मला खरं खरं..."

"शांतता!" कुणीतरी ओरडलं. घंटा झाली. दारावरचा लाल दिवा लागला.

आता कुणी श्वासही मोठ्यानं घ्यायचा नव्हता. समोर काका घंटीपाशी पोचले होते. ती त्याच्या शेजारी उभी, तोंडात अर्धं वाक्य धरून. बोलता येत नव्हतं. आणि बोलून तरी काय होणार होतं? या जागेत कुठल्याही शब्दावर कुणाचा विश्वास होता?

तिनं हळूच हात लांबवला आणि त्याचा हात धरला.

तो दचकला. त्याचा हात गार होता, आणि घामेजलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. भिवया वर, ओठ किंचित उघडे... चेहरा पार गोंधळलेला. तिला वाटलं, हा हात सोडवून घेणार. तिला वाटलं, आपणच सोडावा. मग त्याची बोटं, अगदी घाबरत घाबरत, तिच्या बोटांभोवती मिटली.

समोर काका शेजारणीला म्हणत होते, "मला तुमच्याशी... म्हणजे तुमच्या घंटीशी... जुनी ओळख आहे हो." सगळ्यांनी तोंडावर हात दाबले. मिस्त्रीचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं ते. तो हसला नाही. त्याला ते ऐकूच आलं नव्हतं.

"कट!" हशा फुटला. दिग्दर्शकानं कोपऱ्याकडे बघून विचारलं, "लेखक, चाललं का?"

"काय?" दोघं एकदम म्हणाली.

"अरे, शॉट!"

"अं... पुन्हा एकदा बघू या," ती म्हणाली. पुन्हा घंटा झाली, पुन्हा लाल दिवा लागला. हात तसाच राहिला.

दुसऱ्या 'कट'नंतर ती दोघं बाहेरच्या पत्र्याखाली आली. पाऊस पत्र्यावर ताशासारखा वाजत होता, त्यामुळे जवळ जवळ उभं राहूनच बोलावं लागत होतं.

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणालात," तो म्हणाला. "आणि किती छान नाही म्हणालात! माझी फजितीसुद्धा होऊ दिली नाहीत. मनात म्हटलं, लेखिका असावी तर अशी."

"मी कुठे नाही म्हणाले? मी 'तुम्ही करा' म्हणाले!"

"आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी गंभीरपणे बोललो... आणि तुम्ही त्यातलं व्याकरण काढलंत."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. नेमकं काय चाललंय, तिचं तिलाच कळेना.

"ऐक," ती म्हणाली. 'ऐक' म्हणाल्याचं दोघांनाही एकदमच जाणवलं. ती थांबली नाही. "ऑफिसात कितीही म्हणून बघ. घरात नाही. मला गंमत सोसत नाही. एकदा सोसली, आता नाही. आणि मी एकटी नाहीये. ती रोज विचारते, परवा कधी. मला तिला काहीतरी सांगावं लागतं. तू उद्या म्हणशील, 'अगं, तसं नव्हतं,' तर मी... मी सावरेन. ती..." आवाज फुटला. "फार लांबलं ना?"

"लांबू दे," तो म्हणाला.

एवढंच. वाक्यावर वाक्यं रचणारा माणूस, पण हातांचं काय करावं हेही कळत नव्हतं. एकदा खिशात घातले, एकदा बाहेर काढले. ती बघत होती, आणि पहिल्यांदाच तिला तो चेहरा सरळ वाचता येत होता. तो घाबरला होता. तिच्याइतकाच.

"चित्रपट सोडू?" त्यानं विचारलं.

"वेडा आहेस का? लिही. चांगला लिही."

"मग दर शनिवारी... म्हणजे जमेल तेव्हा... नाही." त्यानं मान हलवली. "पहिले दोन शनिवार जमणार नाहीत. तिसऱ्याला येईन."

तिनं ओठ दाबून मान डोलावली. दोन शनिवार नाहीत, हे ऐकून इतकं बरं वाटावं?

"आणि आजची गाडी?"

"उद्याही असते. त्यांना फोन करून खरं कारण सांगतो." तो थांबला. "ते म्हणतील, वाक्य छान आहे."

ती खळखळून हसली. पाळणाघर सुटायची वेळ होत आली होती. तिनं घड्याळात पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग त्याच्या बॅगेकडे.

"छकुलीला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

त्यानं बॅग उचलली. "माहीत नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही."

तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि पत्र्याबाहेर, पावसात पाऊल टाकलं.

"चल," ती म्हणाली. "वाटेत ठरवू."